नासक हिरा : देवाचा की पेशव्यांचा?

पाश्चात्त्य रत्नग्रंथांत ‘नासक’ या नावाने प्रसिद्ध असलेला हिरा मूळचा त्र्यंबकेश्वराचा, तो शिवाच्या डोळ्याच्या ठिकाणी बसविलेला होता, आणि देवाचा डोळा काढून नेणाऱ्यांस त्याचा शाप भोवला, अशी कथा सांगितली जाते. ‘नासक’ म्हणजे नाशिकच. इंग्रजी लेखणीत गावाच्या नावाचे जे झाले तेच हिऱ्याला चिकटले. चमत्काराचा भाग वगळला तरी या कथेच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे. १८१८ मध्ये हा हिरा कोणाच्या मालकीचा होता?

डोळ्याची कथा मंदिराच्या रचनेशीच जुळत नाही. त्र्यंबकेश्वरी डोळे असलेली मूर्ती नाही. शाळुंकेत उंचवट्याऐवजी खळगा असून त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. ती ब्रह्मा, विष्णू व महेश यांची मानतात. विशेष प्रसंगी त्यांवर रत्नजडित मुकुट चढवितात. मुकुटातील एखादे रत्न कथा परक्यांच्या तोंडी जाता जाता ‘डोळा’ झाले असणे अगदी शक्य आहे. काही ग्रंथांत हिरा इ. स. १५०० पासून या मंदिरात होता असे बेधडक लिहिलेले असते. क्षेत्र प्राचीन आहे यात शंका नाही. परंतु आज उभे असलेले मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेले, म्हणजे अठराव्या शतकातील आहे. १८१८ च्या मागे हिऱ्याचा माग दंतकथेवाचून लागत नाही.

त्या वर्षाचा वृत्तांतही सरळ नाही. एप्रिलात त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. दुसरा बाजीराव ३ जून रोजी माल्कमच्या स्वाधीन झाला. हिरा ‘कर्नल’ ब्रिग्ज याच्यामार्फत गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे व तेथून लंडनला गेला, असे रत्नग्रंथ सांगतात. खानदेशचा पोलिटिकल एजंट जॉन ब्रिग्ज त्या वेळी कॅप्टन होता. कर्नल ही पदवी नंतरची. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या पेढीने हिरा त्याच वर्षी ३,००० पौंडांस घेतला असेही लिहितात. त्या काळी जहाजाला विलायत गाठण्यास चार ते सहा महिने लागत. हे लक्षात घेता विक्रीचे ते साल जपूनच घ्यावे लागते.

मुख्य मुद्दा मात्र मालकीचा. एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याहून जाहीरनामा काढला होता. पेशव्यांचे राज्य घेतले जात असले तरी वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थाने यांस धक्का लागणार नाही, अशी हमी त्यात होती. हिरा देवाचा असेल, तर तो नेणे हा या हमीचा भंग ठरतो. तो बाजीरावाचा असेल, तर ती युद्धातील लूट, आणि तिच्यावर सैन्याचा हक्क. इंग्रजांच्या बाजूने हिऱ्याची नोंद दख्खनच्या लुटीत पडली, म्हणजे पेशव्यांची चीज म्हणूनच. ही नोंद खोटी होती असे म्हणण्यास पुरावा नाही. ती सोयीची होती एवढे निश्चित. देवाचे अलंकार धामधुमीत सरकारी जामदारखान्यात हलविलेले असतील, तर ते कोणाचे हे सांगणे त्या वेळीही सोपे नव्हते. हिऱ्याला त्र्यंबकचे नव्हे तर नाशिकचे नाव मिळाले, यावरून तो इंग्रजांस शहरात मिळाला असावा, असा तर्क करता येतो. तसे असेल तर मंदिर लुटल्याची कथा दुबळी होते. देवाचा हक्क मात्र त्यामुळे बुडत नाही.

हा हक्क कोणी मागू शकले असते काय? पेशव्यांचा खजिनदार नारोबा गोविंद औटी याच्याकडून पुण्यात घेतलेल्या द्रव्याबद्दल त्याच्या बाजूने मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दावा झाला व तो जिंकलाही. परंतु १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. युद्धाच्या ओघात झालेली जप्ती दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेरची आहे, असे ठरले. औटीसारख्या खासगी माणसाचे जेथे चालले नाही, तेथे त्र्यंबकेश्वराच्या पुजाऱ्यांचे काय चालणार! देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, असे त्याच प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये एका बंगाली कज्ज्यात स्पष्ट सांगितले. तोवर हिरा जाऊन शंभर वर्षे उलटली होती.

लंडनमध्ये ‘लूट’ हा शब्द मागे पडला आणि ‘देवाचा डोळा’ पुढे आला. श्रीरंगमच्या मूर्तीचा डोळा म्हणून ओर्लोव्ह हिऱ्याचीही अशीच कथा आहे. विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीने तर हा साचा घरोघर पोचविला. कायद्याने जी मालकी देवाला नाकारली ती दंतकथेने त्याला बहाल केली, आणि तिचा लाभ जवाहिऱ्यांस झाला.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. मूळ हिरा जुन्या मापाने सुमारे ८९ पूर्णांक तीन चतुर्थांश कॅरट होता; हिंदी पद्धतीने वजन राखून पाडलेला, त्रिकोणी घाटाचा. रंडेलच्या पेढीने तो पुन्हा पाडून ७८ कॅरटांवर आणला. १८३७ मध्ये तो लिलावात मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरकडे गेला व त्याच्या तलवारीच्या मुठीत बसला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो पॅरिसमार्गे अमेरिकेस पोचला. तेथे तो जकातमाफीस पात्र अशी पुरातन कलावस्तू आहे की निव्वळ हिरा, यावर खटला झाला, आणि अखेर त्याला कलावस्तू मानण्यात आले नाही. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापला. त्यानंतर उरला तो ४३.३८ कॅरटांचा चौकोनी हिरा.