खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि रक्तातली पातळी

खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खात उभे असणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, १९०३ साली या धरणाच्या सांडव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. ते पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्सचे विद्यार्थी आणि तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातले अभियंते. अडचण साधी होती. पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट पाणी वाया जाई आणि उन्हाळ्यात तेच कमी पडे. नव्या दरवाजांमुळे साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. पाणी ठरलेल्या रेषेपर्यंत चढले की दरवाजे आपोआप उघडत, उतरले की मिटत. पहारेकरी लागत नसे. पाणीच पाण्याला आवरी.

(आज तिथे दिसतात ते दरवाजे नंतरचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही.)

धागा मात्र धरणाचा नाही. आदल्याच वर्षी, १९०२ मध्ये, लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याकडे जाणाऱ्या सर्व नसा तोडून त्यात आम्ल सोडले. नसा नसूनही स्वादुपिंडातून पाचकरस स्रवू लागला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता! १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा रासायनिक निरोप्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे आधीच नोंदवणे बरे. पण शरीरातल्या ग्रंथींचे काम समजून घ्यायला विश्वेश्वरय्यांचे दरवाजे फार उपयोगी पडतात.

जेवणानंतर रक्तातली साखर चढते. ती चढल्याचे स्वादुपिंडातल्या पेशींना कळते, त्या इन्शुलिन सोडतात. स्नायू, यकृत आणि चरबी साखर आत घेतात. पातळी उतरते आणि तिच्या उतरण्यानेच इन्शुलिनही ओसरते. धरणाहून शरीर एका बाबतीत पुढे आहे. पातळी फार खाली गेली तर तेच स्वादुपिंड ग्लुकागॉन हे दुसरे संप्रेरक सोडून यकृतातली साखर बाहेर काढते. थायरॉईडचे संप्रेरकही याच रीतीने ताब्यात राहते, फक्त तिथे दरवाजा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत आहे.

खडकवासल्याची रेषा अभियंत्याने आखली. शरीराची कोण आखते?

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर पुणे जिल्ह्यातूनच आले. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी जवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची सुमारे ३.५ किलोची. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बारीक होते. पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेतले रक्त तपासले, तेव्हा लहानखुऱ्या पुणेरी बाळांत इन्शुलिन अधिक आढळले. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्शुलिन जात नाही. हे इन्शुलिन बाळाने स्वतःच तयार केलेले असते. रेषा आखण्याचे काम गर्भातच सुरू झालेले होते.

२००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

माझे आजोबा आयुष्यभर काटकुळे होते, तरी पन्नाशीत मधुमेह झाला. ‘चोरून गोड खाल्लं असणार,’ असे घरात शेवटपर्यंत म्हटले गेले. त्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक मोह होतो: १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ आठवायचा आणि सगळे त्याच्या माथी मारायचे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीचा वाटा असेलही. पण हा अभ्यास त्याविषयी काही सिद्ध करत नाही. त्याने मोजले ते त्या स्त्रियांचे वर्तमान. ज्यांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक होते, त्यांची बाळे मोठी निघाली. सुमारे दोन तृतीयांश मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्शुलिनला कमी जुमानू लागले होते. दुष्काळाला दोष देऊन आपण मोकळे होतो. ताटातल्या वाट्याविषयी मग कुणी विचारत नाही.

ती बाळे आज तिशीच्या आसपास आहेत. २०१२ मध्ये, ती किशोरवयात असतानाच, याज्ञिकांच्या गटाने त्यांना ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू केला: ती आई-बाप होण्याआधीच पुरवठा सुधारला, तर पुढच्या पिढीची रेषा वेगळी आखली जाईल का, हे पाहण्यासाठी. पुढे त्यांच्याही बाळांच्या नाळेचे रक्त तपासले गेले.