केमिस्ट चिठ्ठी का मागतो? चिंतेच्या गोळ्यांची शंभर वर्षांची गोष्ट

"डॉक्टर, तुमचीच चिठ्ठी आहे, तरी दुकानदार गोळ्या देत नाही!" साठीच्या एका बाईंनी दवाखान्यात येताच तक्रार केली. चिठ्ठी माझीच होती, पण आठ महिन्यांपूर्वीची. यजमान गेल्यानंतर त्यांना झोप लागेना, छातीत धडधड व्हायची, म्हणून मी दहा दिवसांसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली होती. त्याच चिठ्ठीवर त्या इतके महिने गोळ्या घेत राहिल्या. दुकानात नवा फार्मासिस्ट आला आणि त्याने नकार दिला. दोन दिवस गोळी नव्हती, तर बाईंचे हात थरथरत होते.

तापाची गोळी मागितली की लगेच मिळते, मग या गोळीसाठीच एवढे नियम का, असे तुम्हालाही वाटले असेल. याचे उत्तर या औषधांच्या इतिहासात आहे.

१९०३ मध्ये जर्मनीत एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल हे झोपेचे औषध पुढे आणले. 'व्हेरोनाल' नावाने ते खूप चालले. त्याच गटातली आणखी औषधे पुढे आली. लवकरच दोन गोष्टी लक्षात आल्या. हळूहळू डोस वाढवावा लागतो, आणि झोप आणणारा डोस व जीव घेणारा डोस यांत अंतर फार थोडे असते. अनेकांचे प्राण यात गेले.

१९५५ मध्ये अमेरिकेत फ्रँक बर्जर यांचे मेप्रोबामेट 'मिलटाउन' नावाने बाजारात आले. हे सुरक्षित आहे, याची सवय लागत नाही, असे मानले गेले आणि लोकांनी दुकानांत रांगा लावल्या. काही वर्षांत कळले, याचीही सवय लागते.

मग आले लिओ स्टर्नबाख. अमेरिकेत रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५७ मध्ये आवराआवर करताना फळीवर पडून राहिलेले त्यांचे एक जुने रसायन तपासणीला पाठवले गेले. त्यातून १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, आले. हाच बेंझोडायझेपिन गट. आपल्याकडे डायझेपाम 'काम्पोज' नावाने घरोघरी पोहोचली. अल्प्राझोलाम याच गटातली.

ही औषधे जुन्यांपेक्षा खरोखरच चांगली होती. एकट्या गोळीने जीव जाण्याचा धोका खूप कमी झाला. पण इशारा तेव्हाही मिळाला होता. १९६१ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर लिओ हॉलिस्टर यांनी लिब्रियमचे मोठे डोस बरेच महिने घेणाऱ्या ११ रुग्णांचे औषध एकदम बंद केले. त्यातल्या १० जणांना त्रास झाला, दोघांना फिट आली. तरीही १९७० च्या दशकात अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या औषधांत व्हॅलियम होते. ब्रिटनने दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका, असा सल्ला डॉक्टरांना दिला तो थेट १९८८ मध्ये. म्हणजे इशारा आणि नियम यांत सत्तावीस वर्षे गेली.

सवय का लागते? आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे रसायन ब्रेकचे काम करते. ही गोळी तो ब्रेक जास्त जोरात दाबते. रोज बाहेरून मदत मिळाली की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करतो. गोळी अचानक थांबली की गाडी सुसाट सुटते. घाबरल्यासारखे होते, झोप उडते, हात कापतात, कधी फिटही येते. रुग्णाला वाटते, जुना आजार उलटला. म्हणून तो पुन्हा गोळी घेतो.

आपल्या देशातले नियम या अनुभवातूनच आले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात यातली बरीच औषधे आहेत. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे 'शेड्यूल एच-१' मध्ये आली. ती देताना केमिस्टला डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव, औषध आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षे जपावे लागते. आणि डॉक्टरने तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते. त्या फार्मासिस्टने नेमके हेच केले.

तेव्हा तुम्हाला ही गोळी लागत असेल, तर लाज वाटू देऊ नका. घाबरेपणा हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा. दारू पीत असाल, दुसऱ्या गोळ्या चालू असतील, रात्री घोरत असाल, गरोदर असाल, तर ते आधी सांगा. दारूबरोबर ही गोळी श्वास मंदावते. किती दिवस घ्यायची आणि बंद कशी करायची, हे पहिल्याच दिवशी विचारा. गोळी लायसन्स असलेल्या दुकानातून घ्या आणि बिल मागा. चिठ्ठीशिवाय घरपोच देणाऱ्याकडून घेऊ नका. आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. शेजारणीची गोळी घेऊ नका, आपली तिला देऊ नका. आणि बरेच दिवस घेत असाल, तर हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद तर मुळीच करू नका.

त्या बाईंची गोळी मी त्या दिवशी पुन्हा सुरू केली. मग दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी केली आणि सोबत समुपदेशनही सुरू केले. पाच महिन्यांनी गोळी सुटली. चूक त्यांच्या एकट्यांची नव्हती. दहा दिवसांनी पुन्हा दाखवायला या, हे मी चिठ्ठीवर लिहिलेच नव्हते. आता प्रत्येक चिठ्ठीवर लिहितो. तुमच्या चिठ्ठीवर ते नसेल, तर डॉक्टरांना लिहायला सांगा.