वर्कआउटसाठी हार्ट रेट मॉनिटर कोणता घ्यावा?

व्यायाम करताना घड्याळावरचा आकडा बघून आपण वेग वाढवतो किंवा कमी करतो. तो आकडाच चुकला तर शरीरावर नको तेवढा ताण येऊ शकतो. म्हणून किंमत आणि डिझाइनच्या आधी मी एकच गोष्ट बघतो: ठोके मोजले कसे जातात?

स्मार्टवॉच: मागच्या बाजूचा हिरवा एलईडी त्वचेवर प्रकाश टाकतो आणि सेन्सर रक्तप्रवाहातले बदल टिपतो. चालणं, सावकाश धावणं यासाठी हे पुरेसं आहे. पण पट्टा सैल असेल, डंबेल उचलताना मनगट वाकत असेल किंवा तिथे टॅटू असेल, तर रीडिंग गडबडतं. धावताना कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांची लयच मोजली जाते.

चेस्ट स्ट्रॅप: छातीवरचा हा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो. स्प्रिंट, इंटरव्हल ट्रेनिंग यात ठोके झपाट्याने बदलतात, तिथे हाच भरवशाचा. घालण्याआधी आतली बाजू थोडी ओली करा. पोलार एच१० सारखे पट्टे ब्लूटूथवरून फोनला जोडता येतात.

आर्मबँड: यातही प्रकाशाचाच सेन्सर असतो, पण दंडावर हालचाल कमी. छातीवर पट्टा नको असेल तर हा मधला मार्ग.

‘२२० वजा वय’ हे सूत्र, म्हणजे विसाव्या वर्षी २००, फक्त अंदाज आहे. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर आकडा काहीही असो, लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.