दाबाचा इतिहास: ताजमहालाच्या कारंज्यांपासून न्हाणीघरातील शॉवरपर्यंत

26 जुलै 2021 रोजी ओडिशातील पुरी हे चोवीस तास, थेट नळातून पिण्यायोग्य पाणी देणारे देशातील पहिले शहर म्हणून जाहीर झाले. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती पाण्याच्या शुद्धतेची. या बदलाची दुसरी बाजू मात्र फारशी कोणी मांडली नाही. पाणी चोवीस तास येणे म्हणजे वाहिनीत चोवीस तास दाब असणे. आणि आपली बहुतेक घरे त्या दाबासाठी बांधलेलीच नाहीत.

दाब आवरण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. 17व्या शतकात ताजमहालाच्या बागेसाठी यमुनेचे पाणी बैलांच्या मोटेने उंच टाक्यांत चढवले जाई आणि तेथून मातीच्या नळांनी कारंज्यांकडे जाई. एका रांगेतील पहिले कारंजे उसळावे आणि शेवटचे मलूल राहावे, ही अडचण कारागिरांनी प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचा घट बसवून सोडवली. आधी घट भरत, मग सर्व कारंजी एकाच उंचीने उडत. पेशवेकालीन पुण्यात कात्रजच्या तलावातून आलेल्या बंदिस्त नळावर मध्ये मध्ये बांधलेले ‘उच्छ्वास’ हे त्याच जाणिवेचे दुसरे रूप. कोंडलेली हवा तेथे मोकळी होई आणि नळ फुटण्यापासून वाचे.

आधुनिक काळातील ठळक उदाहरण कोलकात्याचे. तेथील टाला टाकी 1911 मध्ये कार्यान्वित झाली. सुमारे 110 फूट उंचीवरील या पोलादी टाकीत 90 लाख गॅलन, म्हणजे सुमारे 4 कोटी लिटर पाणी मावते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. या हिशेबाने टाकीच्या पायथ्याशी तीन बारहून अधिक दाब मिळतो. शहराच्या घराघरांत पाणी आपल्याच वजनाने पोहोचावे, ही त्यामागची कल्पना.

पुढे शहरे वाढली, पुरवठा अपुरा पडला आणि पाणी दिवसातून काही तासच येऊ लागले. त्यावर घरोघरी एकच उपाय निघाला: खाली हौद, वर गच्चीवर टाकी. या टाकीचे एक कार्य आपल्या ध्यानात येत नाही. रस्त्यावरील वाहिनीत दाब कितीही असो, पाणी उघड्या टाकीत पडताच तो दाब संपतो. शॉवरपर्यंत उरतो तो केवळ टाकीच्या उंचीचा दाब. तीन मीटरला जेमतेम 0.3 बार. टंचाईतून जन्मलेली ही टाकी अशी नकळत घराची दाबनियंत्रक ठरली. नळ, जोडण्या, गीझर हे सारे तिच्या छायेत वाढले.

आता ही छाया दोन मार्गांनी दूर होत आहे. कोठे चोवीस तासांच्या योजनेत टाकी वगळली जाते, तर कोठे नव्या शॉवरच्या हौसेने प्रेशर पंप बसतो. उंच इमारतींत प्रश्न अधिक तीव्र. वीस मजल्यांवरील टाकीचे पाणी थेट खालच्या मजल्यावर उतरले, तर तेथे सुमारे सहा बार दाब होतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब दहापट झाला की त्याच शॉवरमधून सुमारे तिप्पट पाणी जाते. शिवाय नळाची दांडी झटक्याने बंद केली, की वाहते पाणी एकाएकी अडते आणि दाबाचा तडाखा साऱ्या नळांतून फिरतो. भिंतीत ऐकू येणारा ‘ठक्’ आवाज तो हाच.

म्हणून नवा शॉवर बसवण्यापूर्वी दाब मोजावा. घरातील सर्व नळ बंद असताना, शक्यतो रात्री, एखाद्या नळाला दाबमापक लावावा. कारण तेव्हा वापर कमी आणि दाब सर्वाधिक असतो. दाब फार आढळल्यास स्प्रिंग व पडद्यावर चालणारी दाबनियंत्रक झडप बसवून तो दोन ते तीन बारपर्यंत आणता येतो. ही झडप शॉवरच्या तोंडाशी लावू नये. घरात पाणी शिरते तेथेच लावावी. तसे केले तरच गरम व थंड पाण्याचा दाब समान राहतो आणि अंगावर अचानक कढत पाणी येत नाही.

गीझरकडे विशेष लक्ष हवे. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले, तर ते सुमारे एक तृतीयांश लिटरने प्रसरण पावते. मागे परतण्याची वाट झडपेने अडवली असेल, तर हे जादा पाणी गीझरच्या सुरक्षा झडपेतूनच ठिबकते. ते ठिबकणे बिघाड समजून तिचे तोंड बंद करणे म्हणजे साध्या भांड्याचा स्फोटक बनवणे होय.

पाणी आणण्याचा पराक्रम आपण स्मारकांत जपला. पाणी आवरण्याचे शहाणपण मात्र घटांत आणि उच्छ्वासांत विसरून आलो. चोवीस तास पाणी ही देशाच्या नागरी जीवनातील मोठी उन्नती आहे. ती सुखरूप घरात यावी, यासाठी गच्चीवरची टाकी आजवर मूकपणे करीत आलेले काम आता आपल्याला जाणीवपूर्वक करावे लागेल.