बेचिराग

आपल्या महसुली दप्तरात एक शब्द आहे, 'बेचिराग'. ज्या गावाचं शिवार आहे, नकाशात नाव आहे, पण वस्ती उरलेली नाही, ते बेचिराग गाव. 'बे' म्हणजे विना, 'चिराग' म्हणजे दिवा. फारसीतून आलेला हा शब्द मराठीच्या तोंडी 'बेचिराख' झाला आणि त्याला राखेचा वास लागला. दप्तरातला हा शिक्का गावावर बसतो तो शेवटचा दिवा विझल्यावर. रशियात मात्र एक काळ असा आला, की घराघरांत दिवे जळत असतानाच हजारो गावांवर असा शिक्का मारला गेला.

रशियन खेडं म्हणजे लाकडाचं गाव. ओंडक्यावर ओंडका रचून बांधलेली घरं, त्यांना 'इज्बा' म्हणतात. घरात भिंतीएवढी थोरली चूल. तिच्यावर भाकरी भाजायची, कपडे वाळवायचे आणि थंडीत म्हाताऱ्यांनी, पोरांनी तिच्याच माथ्यावर झोपायचं. चर्च असलेलं मोठं गाव ते 'सेलो', चर्च नसलेलं लहान गाव ती 'देरेव्न्या'. उत्तर आणि मध्य रशियात अशी दहा-वीस घरांची गावं नदीकाठाने, रानाच्या कडेने विखुरलेली होती.

1861 साली तिथली भूदासपद्धत संपली. जमीन हळूहळू शेतकऱ्याच्या हाती येऊ लागली. पण 1929 नंतर स्टालिनच्या राजवटीने सामुदायिक शेतीची सक्ती केली. 1930 आणि 1931 या दोनच वर्षांत सुमारे 18 लाख माणसांना 'कुलाक', म्हणजे धनिक शेतकरी ठरवून दूर देशोधडीला लावलं. त्यातले कितीतरी जण दोन गाई बाळगण्याइतकेच 'धनिक' होते. पाठोपाठ 1932-33 चा भीषण दुष्काळ आला. त्याच सुमारास शहरवासीयांना अंतर्गत पासपोर्ट मिळू लागले, पण सामुदायिक शेतावरच्या बहुतेकांना ते नाकारले गेले. पासपोर्ट नाही, म्हणजे परवानगीवाचून शहरात राहता येत नाही. हा हक्क साऱ्या खेडुतांना कायद्याने मिळायला 1974 साल उजाडावं लागलं. रोख पगाराची हमीसुद्धा मिळाली ती 1966 मध्ये. भूदास मुक्त होऊन शंभर वर्षं उलटल्यावर!

मग महायुद्ध. सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं त्यात गेली. कित्येक खेड्यांत परत आलेले पुरुष बोटांवर मोजण्याइतके होते. नांगर बायकांनी ओढले, गावं बायकांनी जगवली.

आणि याच गावांच्या वाट्याला तो शिक्का आला. 1960 च्या दशकात नियोजनकर्त्यांनी खेड्यांची विभागणी केली. काही 'भवितव्य असलेली', बाकीची 'भवितव्य नसलेली'. विचार वरवर साधा होता. विखुरलेल्या वस्त्यांना वीज, दवाखाना, रस्ता पुरवणं महाग पडतं, तेव्हा माणसं मोठ्या गावी आणावीत. बंदुकीचा धाक दाखवावाच लागला नाही. नवं बांधकाम थांबलं. शाळा बंद झाली, की लेकुरवाळी कुटुंबं गेली. ती गेल्यावर दुकान गेलं, मग बसही. जे भाकीत होतं तेच कारण ठरलं. 1959 च्या जनगणनेत रशियात सुमारे 2 लाख 94 हजार खेडी होती, 1989 मध्ये उरली सुमारे 1 लाख 53 हजार. 1980 च्या सुमारास हे वर्गीकरण मागे घेतलं गेलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

काही गावं पाण्याखाली गेली. सैबेरियात अंगारा नदीवर ब्रात्स्कचं धरण झालं. लेखक वलेंतीन रास्पुतिन याच नदीकाठचा, त्याचंही गाव धरणामुळे हललं. 1976 साली आलेल्या त्याच्या 'मात्योराचा निरोप' या कादंबरीत बुडणारं बेट रिकामं केलं जातं, स्मशानातले क्रूस तोडले जातात, घरं जाळायची ठरतात. दार्या नावाची म्हातारी आपलं घर पेटवलं जाण्याआधी त्याला चुना लावते, प्रेताला न्हाऊ घालावं तसं. आपला 'बेचिराख' हा शब्द मला तिथे शब्दशः भेटला.

सगळा दोष एका शिक्क्याचा नाही, हेही सांगितलं पाहिजे. तरुणांना शहर हवंच होतं. ज्या गावाने आईबापांना जखडून ठेवलं, तिथून सुटणं ही मुलांना मुक्ती वाटली असेल, तर त्यांना बोल कसा लावायचा? 1991 नंतर सोव्हिएत व्यवस्था कोसळली आणि सामुदायिक शेतांचा आधारही गेला. 2010 च्या जनगणनेत 19 हजारांहून अधिक खेड्यांत एकही माणूस नव्हता. आणखी सुमारे 36 हजार खेड्यांत दहा किंवा त्याहून कमी माणसं होती, त्यांत बहुतेक म्हाताऱ्या. पाव घेऊन येणाऱ्या फिरत्या दुकानाच्या गाडीची त्या वाट पाहणार, आणि बर्फाने रस्ता बंद झाला की तीही येणार नाही.

लाकडी गाव मागे फारसं काही ठेवत नाही. आधी छप्पर बसतं, मग ओंडके कुजतात. चूल तेवढी बरीच वर्षं उभी राहते. शेतात बर्च उगवतात. कुठे सफरचंदाचं झाड, कुठे लायलॅकची झुडपं दिसली, की समजावं, इथे अंगण होतं.

स्मशान मात्र पुष्कळदा गावापेक्षा जास्त टिकतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या त्रिनितीच्या सणाला शहरात गेलेली लेकरं-नातवंडं पूर्वजांच्या कबरींवर येतात, गवत काढतात, सोबत आणलेलं तिथेच बसून खातात, मेणबत्ती लावतात. संध्याकाळी परत निघतात. गावाला भवितव्य आहे की नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या एका दिवशी मात्र ते गाव बेचिराग नसतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)