अडखळणारे शब्द

नात बारावी झाली. स्पीच थेरपिस्ट होऊ का, असं विचारते आहे. मला आठवला १९७८ सालचा माझ्या वर्गातला तोतरं बोलणारा मुलगा. सवय मोडेल म्हणून मी त्याला मुद्दाम उभं करून वाचायला लावायचो. तो जास्तच अडखळायचा, वर्ग हसायचा... खरं तर म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था त्याआधीच निघाली होती. पण इथे कोल्हापुरात मला त्याचा पत्ताच नव्हता. पुढे १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आली. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने या व्यावसायिकांची नोंदणी सक्तीची केली. आता चार वर्षांची पदवी आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. नातीला म्हटलं, "जा पोरी. पण मुलाला घाई करू नकोस. मी केली होती."