खानदानात आहे म्हणे

हेदवीहून रत्नागिरीला जायचे तर तवसाळला येऊन खाडी ओलांडायची आणि जयगडवरून पुढे निघायचे. एखाद्या घरातला माणूस नुसताच 'रत्नागिरीला नेला' असे कानावर आले, की ऐकणारे समजून घेतात. तिथले मनोरुग्णालय १८८६ सालचे आहे. माणूस बरा होऊन परत येतो, गोळ्या चालू राहतात. अडतो तो घरातल्या मुलीचा रिश्ता. 'खानदानातच आहे म्हणे.'

दहाव्या शतकात बल्खच्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी उदासीचे दोन प्रकार केले : कारण ठाऊक असलेली आणि कारण न दिसणारी. दुसरीचे मूळ त्यांनी शरीरात, रक्तात शोधले. खानदानाला बोल लावला नाही. आपण मात्र आजही नजर आणि असर यांतच अडकलोय. आणि तिथून सुटलो, की थेट खानदानावर येतो.

बायपोलर आजारात, म्हणजे उन्माद आणि उदासीच्या झोक्यांत, आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे नाकारून चालणार नाही. पण हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला तो झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. जनुके तीच, मग फरक कुठला? जनुकांवर रासायनिक खुणा बसतात. कोणते जनुक किती काम करणार, ते त्यांवरही ठरते. मोठे आघात, व्यसने, औषधे यांनी त्या बदलू शकतात. लंडनच्या संशोधकांनी २०११ साली अशा जुळ्यांच्या २२ जोड्या तपासल्या : एक बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियाने आजारी, दुसरा धडधाकट. रक्तातल्या खुणांमध्ये फरक सापडले. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा सहसा काढता येत नाही, म्हणून मेंदूतल्या खुणा मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंत शोधतात. अर्थात खूण आधी की आजार आधी, हे एवढ्याने ठरत नाही.

या आजारात दिले जाणारे व्हॅलप्रोएट मुळात फेफऱ्याचे औषध. ते अशा खुणा पुसणाऱ्या एका विकराला अडवते, हे २००१ मध्ये कळले. हेच औषध गरोदरपणात घेतले तर बाळात व्यंग येण्याचा धोका वाढतो; औषध बदलायचे तर डॉक्टरांना आधीच विचारावे लागते, मनाने बंद करूनही चालत नाही. आजार लपवून निकाह लावलेल्या मुलीने सासरी हे कुणाला विचारायचे?